वरची खोली

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. भावजींनाही सांग. दोन रस्ते ओलांडले की तुझं घर, आणि मी पत्र लिहायला बसलेय. हसशील. हस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर बसले की इतका चहा पाजतेस की मनातलं मनातच राहतं.

माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो. ग्रंथालयातून सुटलं की घरी येऊन आडवं व्हावंसं वाटतं, पण शनिवारी वर्ग असतोच. तू आमच्या वर्णभेदाविरुद्धच्या वर्गाला ‘चांगल्या माणसांची शिकवणी’ म्हणतेस, ते मी मास्तरांना सांगितलं. जन्मभर मुलांना कवायत शिकवलेला माणूस, पण पोट धरून हसले. “आणा एकदा त्यांना,” म्हणाले.

पूर्वी खुर्च्या कमी पडायच्या. आता मास्तर, नळ दुरुस्त करणारा, शिंपीणबाई आणि मी. बाकीचे हॉलमधल्या हीटरच्या उबेला येतात आणि मागे बसून पेंगतात. जे जागे असतात ते म्हणतात, “आमच्या मनात तसं काही नव्हतं हो.” हे इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येत नाही, जांभई येते. कंटाळले गं मी. सोडून द्यावं असं हल्ली रोज वाटतं.

शिकवणं एक वेळ परवडलं, सोबत करणं जिवावर येतं. कुणाच्या मुलीला शाळेत चिडवलं की तिच्या आईबरोबर मुख्याध्यापकांसमोर बसायचं. कुणाला रंगावरून खोली नाकारली अशी शंका आली की खात्री करायची. खात्रीची पद्धत सोपी आहे. आधी ज्याला खोली हवी तो जातो. त्याला ‘नाही’ मिळालं की थोड्या वेळाने आपल्यातलं कुणीतरी त्याच दारात जाऊन तीच खोली मागतं. मग दोघांना काय उत्तरं मिळाली ते वर्गात सांगायचं. उत्तरं वेगळी निघाली तर वर्गातल्या दोघांनी त्या घरी जायचं आणि घरमालकाशी नीट बोलायचं. भांडायचं नाही, असं मास्तरांनी बजावलेलं आहे.

परवाच्या शनिवारी एका नर्सबाईचं प्रकरण होतं. दुसऱ्या देशातून आलेली, काळी, उंच, आवाज अगदी हळू. मोठ्या दवाखान्यात काम करते. राहतात ती इमारत पाडणार आहेत, महिनाअखेर बाहेर पडायचंय, आणि म्हातारी आई सोबत आहे. सगळीकडून नकार घेऊन झालाय. ती म्हणाली, “आज सकाळी फाटकावरची पाटी बघून थांबले. अक्षर फार सुंदर होतं. घरच्या बाईंनी पाणी दिलं, आईची चौकशी केली, मग म्हणाल्या, खोली कालच गेली.”

मग शिंपीणबाई उठल्या. त्याच दारात त्या दुपारी गेल्या होत्या. “मला लगेच वर नेलं. पडदे सरकवून दाखवले. बाई इतक्या प्रेमळ! जिन्यातली एक पायरी हलते म्हणून माझा हात धरून नेलं हो.”

ताई, मास्तरांनी पत्ता वाचायच्या आधीच मी घर ओळखलं. ती पायरी माझ्या ओळखीची आहे. आणि पाटीवरचं अक्षर माझं आहे.

तू आता काय म्हणशील ते मला पाठ आहे. माझं काही नाही गं, पण ह्यांना चालणार नाही. शेजारी काय म्हणतील. उद्या सून आली तर. यातलं काहीच खोटं नसेल. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. माझ्या ह्यांच्या शेवटच्या आजारपणात महिनाभर माझ्याकडे जमिनीवर झोपलेली तूच. म्हणूनच सुचेनासं झालंय. परक्या बाईने हे केलं असतं तर मी चार ठरलेली वाक्यं बोलून मोकळी झाले असते.

मास्तरांनी विचारलं, “या घरी कोण जाईल?” मी मान खाली घालून बसले. नळवाल्याने हात वर केला. ही माझी सख्खी बहीण, एवढं सांगायला तोंड उघडेना. वर नर्सबाई माझ्याच शेजारी बसून म्हणत होती, “जाऊ दे. बाई चांगल्या होत्या. खोली खरंच गेली असेल.” तुझी बाजू ती घेत होती, ताई, आणि मी ऐकून घेत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काल संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी राहिले आणि तिला सांगून टाकलं. मग तिने विचारलं, “त्यांना माझी भीती वाटली का? मी काही चुकीचं बोलले का?” तिला वाटतंय, चूक तिची झाली. “ते ताईलाच विचारू,” मी म्हणाले. आज मास्तरांनाही फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नात्यात बोलणं अवघड असतं, तुम्ही जाऊ नका.” मी म्हटलं, मीच जाणार.

तर रविवारी दहा वाजता नळवाला आणि मी येतो. नर्सबाईही यायला तयार आहे. खोली दे असं मी सांगणार नाही, घर तुझं आहे. पण खोली गेली असेल तर ती कुणाला गेली, हे तिच्याकडे बघून सांग. गेली नसेल तर का नाही म्हणालीस, तेही तिलाच सांग. मी मध्ये बोलणार नाही.

चहा ठेवू नकोस. आणि एरवी मी मागच्या दाराने हाक मारत सरळ तुझ्या स्वयंपाकघरात शिरते, तशी या वेळी येणार नाही. पुढच्या दाराची बेल वाजवीन आणि तू उघडेपर्यंत तिच्या शेजारी उभी राहीन.

तुझी,
धाकटी