गल्लीवर बांधलेली माटवी

आये, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझ्या फोटोची काच दोनदा बदलून झाली. चौथीपर्यंतची शाळा माझी, तेव्हा अक्षरावरून बोलायचं नाही. तुला तर तेवढंही येत नव्हतं. मी रडायला बसलेली नाही. तब्येत ठीक आहे, गुडघे सोडले तर. मला एका पोरीबद्दल लिहायचं आहे. केस मुलग्यासारखे कापलेली, खादीचा झब्बा घालून फिरणारी, ती. मुलुंडच्या आपल्या गल्लीत कलेचा उत्सव झाला होता ना, तेव्हा आलेली. तिचा मी अजून दुस्वास करते. सत्तरी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, कळतं मला. तरी करते.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता. दादा घरी बसलेला, गल्लीतले निम्मे पुरुष घरी बसलेले. थंडीचे दिवस. मंडळाच्या पोरांना कुणा चित्रकलेच्या मास्तरने सांगितलं की कला हॉलमध्ये कोंडायची नसते, रस्त्यावर आणायची असते. झालं, तीन दिवसांचा उत्सव ठरला. जुन्या टायरांचा हत्ती केला. मैदानात आठ मोडके दरवाजे रांगेत उभे केले, मागे भिंत नाही, पुढे घर नाही. लोक एका दरवाजातून जात होते, दुसऱ्यातून येत होते आणि मान डोलवत होते. मी म्हटलं, "आमच्या मोरीला दरवाजा नाही. यातला एक तिथे लावा, मग मी पण मान डोलवते." मास्तर हसला नाही. कलेचे लोक हसत नाहीत.

आणि मग ते तुझ्याकडे आले. त्यांना गल्लीच्या तोंडावर, या घरापासून त्या घरापर्यंत, माटवी हवी होती. मास्तर आपल्याकडचा नव्हता, त्याला माटवी म्हणजे काय ते मीच सांगितलं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं, फुलं, नारळ, सुपारीचे घड बांधून ती खालून भरगच्च दिसायला हवी. आमच्या गावाकडे पुरुष बांधतात, पण बाबांची नेमकी गिरणीत पाळी असायची, म्हणून आमच्याकडे आये बांधते. तो म्हणाला, "वा, वा." मला वाटलं, तू त्याला हाकलशील. देव नाही, भाद्रपद नाही, माटवी कसली? तू पदर खोचलास आणि विचारलंस, "लांबी किती होई?"

तिथेच मला पहिली कळ आली, आये. मी नऊ वर्षांची असताना स्टुलावर चढून माटवीला काकडी बांधायला गेले होते, तेव्हा माझ्या हातावर तू फटका मारला होतास. "तू उद्या दुसऱ्याच्या घराक जातलंस. माटवी घराची आसता. तुका शिकवून काय करूचा?" दुसऱ्याचं घर म्हणजे पुढे निघालं दोन गल्ल्या पलीकडे. लग्न होऊनही मी रोज तुझ्याकडे दळण आणायला यायची, पण गणपतीच्या आदल्या दिवशी माझं काम एकच, खाली उभं राहून वर वस्तू द्यायच्या. वहिनी आली तेव्हा तिला तू स्टुलावर चढवलंस. तिला चक्कर यायची. तीन वर्षं चक्कर येऊन झाली तरी मला काही वर बोलावलं नाहीस. मी मनाची समजूत घातली होती की रीत आहे. रीतीपुढे रागवायचं कुणावर?

आणि मग ही आली. मास्तरने मदतीला पाठवलेली. आर्ट स्कूलची, मराठी धड येत नाही. पहिल्याच दिवशी चप्पल बाहेर काढून तुझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आई, मला शिकवणार?" तुझ्या स्वतःच्या लेकी-सुना तुला आये म्हणत होत्या, ही आई म्हणाली आणि तू विरघळलीस. मी दारातच उभी होते, पिठाचा डबा कमरेवर. मी म्हटलं, "आये, ही कुठच्या घराची गं?" तू मान वर न करता म्हणालीस, "खयच्याच नाय. म्हणान शिकवतंय."

हे असलं तुझं उत्तर. कुठल्याच घराची नाही म्हणून तिला शिकवायचं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या घरची झाले म्हणून मला नाही. आठ दिवस ती येत होती. मी पण येत होते, काम काढून काढून. तुझा हात तिच्या हातावर बघते आहे. तू तिची बोटं धरून फिरवते आहेस, "अशी, अशी, आता दाब," आणि ती चुकली की तू हसते आहेस. हसते आहेस! माझ्या वेळी तुझ्याकडे फक्त फटका होता. एकदा तर तू ट्रंक उघडलीस आणि बाबांनी गिरणीतून आणलेले, सूत गुंडाळायचे दोन लाकडी बॉबिन काढून तिला दिलेस, माटवीला बांध म्हणून. मी तेच माझ्या पोराला खेळायला मागितले होते तेव्हा म्हणाली होतीस, "त्यांका हात लावू नको." ती बॉबिन नाकाशी धरून म्हणाली, "आई, अजून तेलाचा वास येतो." तू डोळे पुसलेस. मी चहा टाकला. साखर घालायची विसरले असं सगळ्यांना वाटलं.

बांधायच्या दिवशीचं आता सांगते. गावाहून केवणीच्या सालीची जुडी आली होती, रानातल्या त्या झाडाच्या सालीनेच माटवी बांधतात. तुझा नियम पक्का होता. साल रात्रभर भिजवायची, ओली असतानाच गाठ मारायची, मग सुकताना ती आवळत जाते आणि गणपती जाईपर्यंत हलत नाही. कोरडी बांधली तर आधी घट्ट वाटते, मग घसरते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण खाली उभं राहणाऱ्यालाही कान असतात. सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि जाताना मला म्हणालीस, "तिच्या वाट्याची साल बादलीतून काढून ठेव." मी काढली. गॅलरीच्या कठड्यावर उन्हात घातली. तासभर. खडखडीत झाली. मग वरून दोन ओंजळी पाणी शिंपडलं, ओली दिसावी म्हणून, आणि नेऊन तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे बघून "थँक यू, ताई" म्हटलं. मी म्हटलं, "बांध बांध."

मला एवढंच हवं होतं की तिची एखादी काकडी ओघळावी आणि तू म्हणावंस, छे, हिला नाही जमत. खरंच एवढंच.

संध्याकाळी अख्खा मुलुंड लोटला असं वाटत होतं. दोरावर डोंबारीण चालते आहे, आपली कोकणातली पोरं पायात चाळ बांधून नाचताहेत, एक बहुरूपी इन्स्पेक्टर होऊन येईल त्याची कॉलर धरतो आहे. आणि वर तुझी माटवी. दुधी, पडवळ, केळफुलं, संत्री, उसाची कांडं, सुपारीचे घड. एका अंगाला तुझं काम, दुसऱ्या अंगाला तिचं. तिच्या बाजूला बॉबिन होते, फुटक्या कपांचे कान होते, कुठल्याशा गंजक्या चाव्या होत्या, आणि लोक तिच्याच बाजूला जास्त थांबत होते. मी मोजत होते. तू कमरेवर हात ठेवून तिच्या बाजूला बघत होतीस, आणि तुझा चेहरा असा होता की तसा मी माझ्या जन्मात, माझ्या लग्नातसुद्धा, पाहिला नव्हता.

मग कोहळा पडला. काकडी नाही, आये, कोहळा. तीन-साडेतीन किलोचा. शिंप्याचं लहान पोर दोन पावलं पुढे सरकलं होतं म्हणून वाचलं. ते मी आजही विसरलेली नाही, आणि विसरूही नये. कोहळा फुटून गर उडाला, बायका किंचाळल्या. तेवढ्यात तो बहुरूपी पुढे झाला आणि कोहळ्यावर शिट्टी फुंकून ओरडला, "सरकारी रस्त्यावर उडी मारतोस? चल चौकीवर!" लोक हसायला लागले. ती मात्र तोंडावर हात घेऊन उभी. मास्तर तिच्यावर डाफरायला लागला. दादाही म्हणाला, "परक्या पोरीच्या हातात दिलं की असंच व्हायचं."

तू वाकलीस. कोहळ्याच्या देठाला राहिलेली साल सोडलीस, दोन बोटांत मोडून बघितलीस. ती कट्कन मोडली. तू वर बघितलंस. तिच्याकडे नाही. माझ्याकडे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "तिका कायएक बोलू नकात. ती गाठ माजी होती. माजो हात आता रवलो नाय."

सगळे म्हणाले, म्हातारीने पोरीला वाचवलं, केवढं मन. मीही तेच धरून बसले आणि आणखी जळले. तू मला वाचवलंस की काय, हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "चल, चाय ठेव."

पुढच्या गणपतीला मी आदल्या दिवशी पहाटेच आले. साल आदल्या रात्रीपासून भिजवून, बादली उचलून, दोन गल्ल्या चालत. ती पोरगी गेली होती, वहिनीला चक्कर होती. मला वाटलं, जागा रिकामी आहे. तू बादलीत हात घातलास, साल दाबून बघितलीस. म्हणालीस, "बरी भिजलीहा." आणि हात पुसलास. "पन मी गल्लीत सांगितलंय ना, माजो हात गेलो म्हणान. आता खयच्या तोंडान बांधू?" दादाने प्लास्टिकच्या फळांची माळ आणून लावली. तू त्यानंतर चार गणपती पाहिलेस, चारही प्लास्टिकखाली. तुझा हात कुठेही गेला नव्हता. शेवटपर्यंत तू सुईत दोरा ओवायचीस, पहिल्या फटक्यात.

आता जे कुणालाच ठाऊक नाही ते लिहिते. उत्सव संपल्यावर माटवी उतरवायचं काम मी मागून घेतलं. चौकट आपल्या गॅलरीत आणून ठेवली. तुझ्या बाजूच्या गाठी केवणीने अशा आवळल्या होत्या की विळीने कापाव्या लागल्या, कशा बांधल्या ते काही कळलं नाही. पण तिच्या कोरड्या होत्या, सुटत होत्या. मी एकेक गाठ नखाने सैल केली, बघितली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. दुपार गेली. तू आत झोपली होतीस. शेवटची गाठ सोडली तेव्हा मला ती येत होती.

माझ्या घरी गणपतीला माटवी असते. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. एवढंच की ती पोरगी डावरी होती, त्यामुळे माझा वेढा उलटा पडतो. सुलटा घालून बघितला, जमत नाही, हाताला तोच बसलाय. गेल्या वर्षी गावची एक म्हातारी आली, चष्मा चढवून वर बघत राहिली आणि म्हणाली, "गे, ही गाठ खयची? कोणी शिकवल्यान?" सून, नात, शेजारणी, सगळ्या ऐकत होत्या. मी म्हटलं, "आमच्या आयेची अशीच होती."

हे कागद मी फाडून टाकणार आहे. घरात कुणाच्या हाती लागले तर त्यांना कळेल की तू मला काहीच शिकवलं नव्हतंस.