सातव्या रकान्यातले तुलेबेर्दी

नारीन, बुधवार

आदरणीय आबाके,

पुतण्या उलुकमानचा सलाम. आधी गुरंढोरं, मग माणसं, या आपल्या क्रमानेच विचारतो: घोडीला शिंगरू झालं का, मेंढ्या वरच्या कुरणावर पोचल्या का, तुमचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत बरी आहे. डोकं मात्र ठिकाणावर नाही.

मी इथे आमचे मालक कदिरअली बाइके यांच्या कचेरीत काम करतो. काम असं, की संगणकावरच्या सेवेला कुठकुठली माहिती द्यायची त्याचं वर्णन बाइके एका फाइलीत लिहितात. ती फाइल एका अवजाराला दिली की रकान्यांचा सगळा कोड ते आपलं आपणच लिहून काढतं. मी शेजारी बसून चहा पितो (याला शिक्षण लागतं हे तुमच्या धाकट्या भावाला अजून पटलेलं नाही). परवा आम्ही लग्नाच्या एका सभागृहासाठी अशी सेवा तयार केली. नवरा-नवरी दोघांनी आपापले सात पूर्वज भरायचे. एकही नाव जुळलं नाही, तरच तारीख मिळते. बाइकेंनी वर्णनात सातही नावं सक्तीची केली, आणि सातव्यापुढे नमुना म्हणून स्वतःच्याच सातव्या पूर्वजाचं नाव टाकलं: तुलेबेर्दी. अवजार पडलं आज्ञाधारक. कुणी सातवा रकाना कोरा सोडला की ते गुपचूप नमुन्यातलं नाव भरून मोकळं होतं. हे मला आज कळलं.

उद्घाटनाला पहिली जोडी आमचीच होती, म्हणजे मी आणि आयझिरेक (आईने सांगितलं असेलच, नसेल तर, लग्न करायचंय ती हीच). तिची नावं तिच्या वडिलांनी, सोवेतबेक यांनी, स्वतःच्या हाताने भरली. संगणकाचा पडदा लाल झाला. दोघांचा सातवा पूर्वज एकच, म्हणजे आम्ही भावंडं. सोवेतबेकनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरं झालं बाबा, आजवर घरी चहाला येत होतास तो भाऊ म्हणूनच, असं समजू."

तुम्ही म्हणाल, चूक अवजाराची, सांगून टाक. कसं सांगू? मग सातवा रकाना मी कोरा सोडला होता हे कबूल करावं लागतं, आणि मुलीच्या बापासमोर, मला माझे सात पूर्वज येत नाहीत, असं कुठला किर्गिझ बोलेल? बरं, नाव जुळलं त्याअर्थी त्यांनीही कोराच सोडला असणार. हे त्यांना तोंडावर विचारून मी धडपणे परत येईन का? नंतरच्या चार जोड्याही भावंडं निघाल्या. सगळे माना खाली घालून गेले. बाइके खूश, म्हणतात, "एक तक्रार नाही बघ. पण काय रे, आपलं गाव इतकं एका रक्ताचं असेल असं वाटलं होतं का?" आता मलाही कधीकधी वाटतं, असेलही. आयझिरेकवाचून मला जमणार नाही, एवढं मात्र नक्की कळतं.

घरी सगळ्यांना सलाम.

तुमचा,
उलुकमान

ता. क. आपला सातवा पूर्वज कोण, ते लगेच कळवा. लहानपणी तुम्ही पाठ करून घ्यायचात, पण सहाव्यालाच खाऊ मिळायचा आणि मी पळायचो.

आणखी ता. क. आयझिरेक आत्ताच येऊन गेली. सातवं नाव पुन्हा भरता येतं का, असं तिच्या वडिलांनी गुपचूप विचारलंय. त्यांनीही काल आपल्या थोरल्या भावाला पत्र टाकलंय म्हणे.

शेवटचं. आबाके, आपला सातवा खरोखरच तुलेबेर्दी असेल, तर मला सांगू नका. दुसरं एखादं चांगलं नाव लिहा. तुमच्या अक्षरातलं मी खरंच धरून चालेन.