नकाशातलं कोरडं घर

आखाडा बाळापूर,
१२ मे २००७

चि. प्रज्ञेश यास,
जय भीम. पत्र कचेरीत उघडलं असशील तर एवढी ओळ घडीत झाक. बाकीचं चारचौघांत वाचलंस तरी चालेल.

आम्ही बरे आहोत. तुझी पुतणी पल्लवी बारावी झाली. आईचे गुडघे दुखतात, तरी ती नदीकाठचं घर सोडून माझ्याकडे राहायला येत नाही.

तू तपासलेला पुराचा नकाशा तहसीलमध्ये लागला. निळ्या रंगातल्या वस्त्यांना पावसाआधी वरच्या गायरानात जागा मिळणार. आपली वस्ती पांढरी, म्हणजे कोरडी. मी मोर्चा नेला. म्हाताऱ्यांनी पाणी कुठवर आलं होतं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "अमृतराव, बोलता झकास. पण तोंडी आठवणी सगळेच सांगतात. हा नकाशा पुण्याहून तपासून आलाय."

मग मी तुझा अहवाल मिळवला, नांदेडहून पुस्तकं आणली आणि तो समजून घेतला. उपग्रहाने जमिनीची उंची वरून मोजली. वस्तीभोवतीच्या चिंचांचे शेंडे त्याने जमीन धरले आणि आपल्या खळग्याचा माळ झाला. संगणकातलं पाणी आपल्याला वळसा घालून गेलं. तुम्ही पडताळा घेतला तो फक्त पुलापाशी. तिथली पुराची जुनी खूण जुळली, नकाशा पास झाला. वस्तीत कोणी उतरलं नाही.

हे सगळं आईला सांगितलं. तिने नकाशाची झेरॉक्स भिंतीला लावली आहे. म्हणाली, "माझ्या लेकरानं तपासलाय त्यो. त्यात आपलं घर कोरडं हाय. तू काहून वरडून राहिला? तुला टाळ्या भेटतेत, त्याला शिक्षण भेटलं."

आजवर मी भरल्या सभा जागच्या उठवल्या. आईला एका घरातून उठवता येत नाही.

तुला मात्र पुरावा शोधावा लागत नव्हता. तू तिसरीत होतास. पाणी घरात शिरलं तेव्हा तुला खांद्यावर घेऊन मी चिंचेवर चढलो. दप्तर वाहून गेलं म्हणून तू रडत होतास. त्याच चिंचेचा शेंडा आज तुझ्या अहवालात जमीन झाला आहे. आणि आपल्या वस्तीबद्दल तू लिहितोस, 'या भागातील जुन्या पुराची माहिती मिळाली नाही.'

मिळाली नाही? ती द्यायची तर तू तिथे होतास हे सांगावं लागलं असतं. कोणत्या वस्तीत, कोणाच्या घरात, तेही. पुण्यात तू नवं आडनाव लावलंस. त्या आडनावाची माणसं गावाच्या खालच्या अंगाला राहत नाहीत. चाळीस घरं पाण्यात ठेवलीस, पण कचेरीतल्या साहेबांसोबत डबा खायची तुझी जागा राखलीस.

पावसाआधी ये. तहसीलदारांपुढे उभा राहून सांग की पाणी चिंचेच्या दुसऱ्या फांदीला लागलं होतं, आणि तू तिसरीवर बसला होतास. मग घरी जा आणि भिंतीवरचा नकाशा स्वतः काढ. मला आई त्याला हात लावू देत नाही.

नाही आलास तर मी तुझ्या कचेरीत येऊन बोलेन. मी बोलतो तेव्हा मागच्या रांगेलाही ऐकू जातं.

पाकिटावर तुझं नवं आडनाव घातलं आहे, पत्र पोचावं म्हणून. खाली आपलं घालतो.

अमृतराव पाईकराव