पालथा पेला

मु. अनसिंग,
माघ वद्य ३, शके १८६२

प्रिय भाऊ उदयसिंग यास,

अनसिंगहून इंद्रभानचा रामराम. आम्ही सारे खुशाल आहोत. तुझी वकिली, वहिनी, पोरं, सगळं बरं असेल. इकडे वांग्याला औंदा बहर चांगला आला, मिरची मात्र चुरडली. आमच्या घरवालीचं, हौसाबाईचं, गुडघ्याचं दुखणं जात नाही. वैद्य म्हणतो चालू नका, अन् ती म्हणते मग भाजी तोडायला तूच येत जा.

तुझं पत्र पोचलं. वाशीमच्या बाजारात मोतीबाईच्या गुत्त्याची बातमी कानावर आली तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं, म्हणून तुला विचारलं. म्हणजे खरंच आहे तर. औंदा मोतीबाई दारूच्या ठेक्याच्या लिलावात बोलणारच नाही, होळीला शेवटची बैठक अन् मग दाराला कुलूप! मनाला लय लागलं रे. कॉलेजात काय शिकलो ते विचारशील तर सांगता येणार नाही, पण अमरावतीला अंबागेटाबाहेरच्या त्या ओसरीवर कोण कुठं बसायचा ते झोपेतून उठवलं तरी सांगीन.

तू लिहितोस, आठवणी लिहून पाठव, बैठकीत मी वाचून दाखवतो. तुझ्यासारखं वकिली मराठी मला येत नाही. पण ऐक.

मोतीबाईचा तो पोपट आठवतो? एखादा जास्त बोलायला लागला की वरून ओरडायचा, "पुरे झालं, घरी जा!" चंपत होस्टेलच्या सुपरिंटेंडंटची नक्कल करायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, अन् पोपट त्यालाही घरी पाठवायचा. जगदेव देशाच्या स्वातंत्र्यावर बोलायला उठला की उठला, मग बसायचं नाव नाही. आणि मोतीबाई! रिकाम्या पोटी कोणाला थेंब देईल तर शपथ. आधी भाकर अन् ठेचा समोर आदळायची. "पेपर कवा हाये तुहा?" असं दरडावून विचारायची. पेपर उद्या म्हटलं की हाताला धरून बाहेर. माझ्या मायनं मला इतकं जपलं नसेल. मी घरून येताना मळ्यातली वांगी आणायचो, ती चुलीत भाजायची अन् म्हणायची, अनसिंगच्या मातीत काहीतरी हाये बाप्पा.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पेला. नवख्याला पळसाच्या पानाचा द्रोण, आपल्या माणसाला पितळी पेला. त्यावर कासाराकडून नाव ठोकून आणायचं, अन् तो फळीवर बसला की तू त्या घरचा झालास. आठवतं, आपले दोघांचे पेले एकाच दिवशी फळीवर बसले? एकाच गाडीनं आलेले दोघे, मी अनसिंगचा, तू मानोऱ्याचा, म्हणून मोतीबाईनं शेजारी शेजारी ठेवले. त्या संध्याकाळी मी रडलो होतो. तू हसलास. मी माळ्याचा पोरगा, होस्टेलात ताट वेगळं पडायचं माझं, अन् इथं माझ्या नावाचा पेला. तुम्हाला काय कळणार!

फळीची एक रीत मात्र कडक होती. जो दोस्तांशी बेइमान झाला त्याचा पेला पालथा. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, राखेनं घासायचा नाही. आपल्या वेळी एकच होता तसा, कोणा जुन्या माणसाचा, हिरवा पडलेला. चंपत म्हणायचा, त्याच्याकडं पाहिलं की घशातला घोट कडू होतो.

माझा पेला असेल का रे अजून? सुपरिंटेंडंटनं कॉलेजच्या पोरांना पकडायला धाड घातली, त्यानंतर मी तिकडे फिरकलोच नाही. तूच सांगितलंस ना, दरोग्याच्या नजरेत माझं नाव आहे, दिसलास तर पकडतील. तुझे उपकार म्हणायचे. त्या दिवशी नशिबानं मी गावी होतो, बाप विहिरीवर मोटेच्या धावेवरून पडला म्हणून. तूच तर गाडीत बसवून दिलंस आदल्या दिवशी. अन् तूही नशिबाचा, भजे आणायला बाहेर गेलतास म्हणून वाचलास. जगदेव बिचारा कॉलेजातून गेला तो गेलाच.

एक गोष्ट आजवर तुला बोललो नाही. बाकीच्यांनी मला तोडलं. चंपतला दोनदा पत्र घातलं, उत्तर नाही. माझ्या लग्नाला कोणी आलं नाही, तू सोडून. वाशीमच्या बाजारात जगदेव दिसला होता. मी हाक मारली, तर तोंड फिरवून गेला. मी मनाशी म्हटलं, बड्या घरचा माणूस, भर बाजारात भाजीवाल्या माळ्याशी काय बोलेल! पण डोक्यातून जात नाही. ओसरीवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपणारा जगदेव तो. माझी पहिली पोरगी गेली तेव्हा तू अकोल्याहून धावत आलास, बांधावर बसून राहिलास माझ्याजवळ. दोस्त म्हणावा असा तू एकच उरलास.

म्हणून सांगतो, तू लिहिलंस की प्रवासाचा त्रास कायले घेतोस, मळ्याला पाण्याच्या पाळीचे दिवस आहेत, मी तुझा रामराम सगळ्यांना सांगतो. ते काही होणार नाही. मी येणार. माझा पेला हातात घेऊन जगदेवासमोर बसणार अन् विचारणार, बाबा, माझं काय चुकलं?

एवढं एक विचारलं की झालं. मग कुलूप लागो नाहीतर काही होवो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
इंद्रभान


मु. अनसिंग,
फाल्गुन शुद्ध ३, शके १८६२

उदयसिंग,

रामराम. इकडील सर्व ठीक. तिकडचं विचारत नाही.

होळीपर्यंत दम निघाला नाही माझा. वांग्यांची टोपली घेतली, वाशीमला गाडी पकडली अन् अमरावतीला गेलो. म्हटलं, गर्दीत म्हातारी धड बोलायची नाही, आधी भेटून यावं.

अंबागेटाबाहेर तसंच आहे सगळं. पोपट मेला, पिंजरा टांगलेला आहे. मोतीबाई वाकली, पण नजर शाबूत. मी दारातून म्हटलं, "मावशी, मी इंद्रभान. अनसिंगचा."

उठली नाही. टोपलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "आला काय तू? इतल्या वर्सानं?" आणि काय केलं माहीत आहे? पळसाच्या पानाचा द्रोण माझ्यासमोर ठेवला.

मला वाटलं, विसरली. मी हसत हसत फळीकडं गेलो. सगळे पेले राखेनं घासून लख्ख. चंपतचा, जगदेवाचा. तुझा तर सगळ्यांत चकचकीत, त्यात मला माझी मिशी दिसली. आणि त्याच्या शेजारी, जिथं तिनं पहिल्या दिवशी ठेवला होता तिथंच, माझा. पालथा. हिरवा कच्च. नाव वाचायला नखानं खरवडावं लागलं असतं, पण रीत आहे ना, हात लावायचा नाही. मी लावला नाही. तिथंच पायरीवर बसलो.

म्हटलं, "मावशी, हे काहून?"

ती चिडली. "मले इचारतं? तुह्या दोस्तानं सांगतलं ना! धाड पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी उदयसिंग आलता. तुहा पेला हातात धरून रडला. म्हने मावशी, इंद्रभाननंच होस्टेलच्या साहेबाले साऱ्याईची नावं सांगतली अन् गावाले पयाला. जगदेव व्हता, चंपत व्हता, साऱ्याईच्या समोर बोलला. मंग मीनं तुहा पेला पालथा घातला. मले काय सुख वाटलं व्हय?"

मी म्हटलं, "मावशी, मी त आदल्याच दिवशी गाडीत बसलतो. बाप पडला व्हता माहा."

"आदल्या दिवशी?"

"व्हय. उदयसिंगच आलता टेसनावर पोचवाले."

म्हातारी विस्तवाकडं पाहत बसली. मग म्हणाली, "इंद्रभान, त्या दिवशी मीनं ओसरी सारवली व्हती. ओली व्हती म्हून पोट्टे कडब्याच्या खोलीत बसवले. याच्या आधी कवा बसवले नाईत, मंगही नाई. अन् तो साहेब आला तं ओसरीकडं ढुंकून पाह्यलं नाई त्यानं. सिधा कडब्याच्या खोलीत शिरला. तू गावाले व्हता तं तुले ते कसं ठावकं?"

मी टोपली जवळ ओढली.

"अन् उदयसिंग भजे आनाले गेलता," ती म्हणाली. "भजे मातर आले नाईत बाप्पा."

मग पदरात तोंड घालून रडली. मी नाही रडलो. मी वांगी काढून तिच्या चुलीजवळ मांडत बसलो, काहीतरी करायला हवं म्हणून.

उदयसिंग, गाडीत सगळा रस्ता मी तुझीच वकिली केली. म्हटलं, सुपरिंटेंडंटनं याला आधीच कुठंतरी गाठलं असेल. कॉलेजातून काढतो म्हणून धमकावलं असेल. कोवळं वय, भ्याला असेल. भिणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, मीही काही वाघ नाही. नावं सांगितलीस, चल, सोडून दिलं. पण माझं नाव काहून घेतलं रे? तिथं हजर नव्हता असा एकच माणूस सापडला म्हणून? का माळ्याचं पोरगं आहे, याच्या बाजूनं कोण बोलणार, असा हिशोब केला? अन् एवढ्यावर तरी थांबायचं! मला म्हणालास, तिकडे जाऊ नको, दरोगा पाहून राह्यला. अन् मी मूर्ख त्याला उपकार म्हणत आलो! परवाच्या पत्रातसुद्धा लिहिलं. वाचताना तुले काय वाटलं असेल? हसला का?

जगदेवाचं शिक्षण गेलं अन् तो मला शिव्या देत जगला. वाशीमच्या बाजारात त्यानं तोंड फिरवलं ते माझ्या जातीपायी नाही. बेइमान माणसाशी कोण बोलतो? त्याच्या जागी मी असतो तर थुंकलो असतो. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात घमेंडी म्हणत होतो. तेही तुह्याचपायी.

लोक म्हणतात केसानं गळा कापला. तू तर गळा कापून वरून रोज पट्टी बांधाले येत गेला. माझ्या लग्नात तू पंगतीत वाढत होतास. सगळे दोस्त तुटले, एक तूच उरलास, म्हणून मी तुझं कौतुक करत होतो. अरे, उरू कोणाला दिलंस तू?

आता एकच विचारतो, अन् याचं उत्तर मला खरंखरं पाहिजे. माझी पोरगी गेली तेव्हा बांधावर येऊन बसलास. अंधार पडेपर्यंत बोलला नाहीस, माझा हात धरून ठेवलास. ते काय होतं? तेही भ्यायलेल्या माणसाचं होतं का, की मी कधी चुकून अमरावतीला जाईन म्हणून नजर ठेवायला आला होतास? ते खोटं निघालं ना, तर पेल्याचं मला काही वाटणार नाही. पण मग माझ्याजवळ काहीच राहत नाही. हौसाबाईला मी अजून सांगितलं नाही. ती तुझ्या पोरांसाठी शेवया करून राह्यली.

मोतीबाईला म्हटलं, मावशी, आता तरी उभा कर. तिनं मान हलवली. "पालथा माह्या हातानं झाला, पन तोंड त्याचं व्हतं. ज्याच्या तोंडानं पालथा झाला त्यानंच चारचौघात उभा करा लागते. रीत हाये. मीनं मोडली तं मंग फळीवरच्या बाकीच्याईचा काय भरोसा?" बरोबर आहे तिचं. मला राग आला नाही. होळीला ती ज्याचा त्याचा पेला ज्याच्या त्याच्या घरी देणार आहे. पालथा मात्र कासाराकडं मोडीत जाईल. माझं नाव वितळवून कोणाची तरी घंटी नाहीतर बिजागरी होईल.

तेव्हा ऐक. मी होळीला येणार आहे. पायरीवर बसेन अन् द्रोणात पिईन, नवख्यासारखं. जगदेवाला काही सांगणार नाही, चंपतला नाही. मोतीबाईही बोलणार नाही, तिनं शब्द दिला आहे. तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी उभं राहणार नाही, वकील आहेस, निश्चिंत ये. माझ्या आठवणी वाचून दाखवायला घेतल्यास तर खुशाल वाच, त्यात खोटं काही लिहिलं नाही मी. फक्त वाचून झाल्यावर उठून फळीजवळ जा. माझा पेला उचल, त्यावरची धूळ आपल्या धोतरानं पूस, अन् जे तेव्हा तो पेला हातात धरून बोललास ते आता उलटं बोल. जगदेवाच्या तोंडाकडं पाहून. एवढंच.

नाही आलास तर मीही काही करणार नाही. तुझ्या दारात येणार नाही, अकोल्यात तुझं नाव घेणार नाही. कुलूप लागेल अन् मी वाशीमच्या गाडीत बसून घरी येईन. पण मग पुन्हा बांधावर येऊ नकोस.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी "तुझाच" लिहीत आलो, हाताला सवयच पडली. आत्ताही हात तिकडेच जात होता, धरून ठेवला. होळीला पेला उभा झाला, तर तो शब्द तिथंच तोंडानं म्हणीन, साऱ्यांसमोर.

तोवर नुसताच,
इंद्रभान