बाबांची बंदूक मुळीच खराब झालेली नाही

दादा,

“खराब केली असशील” म्हणजे काय रे? असशील? चार ओळींचं पत्र पाठवलंस, त्यात दोन ओळी तुझ्या गुडघ्याच्या, एक हवेची, आणि चौथीत हे! बाबांची छर्‍याची बंदूक न्यायला रविवारी येतो, जावयाला दिवाणखान्यात भिंतीवर टांगायची आहे, पुसून ठेव, आणि खराब केली असशील तर तसं कळव. वाचलं आणि हातातला स्टो तसाच पेटता टाकून लिहायला बसले (विझवला. आत्ता आठवलं). नमस्कार करायचा राहिला, तो करते. तू मोठा आहेस, त्याला माझा इलाज नाही. वहिनीचा खोकला कसा आहे? तुझा गुडघा कसा आहे ते विचारत नाही, ते तू न विचारता सांगतोसच. इकडे सगळे धडधाकट आहेत. आमचे हे पण बरे आहेत, डाव्या कानाने जरा कमी ऐकतात एवढंच. त्याचं कारण पुढे येईल.

आधी जावयाचं बघू. मुलगा गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही, जेवताना बोलत नाही. पण त्याला म्हणावं, बंदूक म्हणजे हरणाचं मुंडकं नव्हे, भिंतीवर ठोकून खाली सोफा टाकायला. स्प्रिंगची बंदूक आहे ती. नळी खाली ओढायची की आत स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा छर्‍याला ढुशी देते, की गेला छर्रा. दारू नाही, धूर नाही (धुराचं पुढे बघू). असलं यंत्र नुसतं टांगून ठेवलं तर आतलं चामडं वाळून चिपाड होतं. माणसाचंही तेच होतं, तू निवृत्त झाल्यापासून मी बघतेच आहे.

तर चार वर्षांमागे तू ती माझ्याकडे देऊन गेलास, जरा तेलपाणी कर म्हणून. तेलपाणी चालू आहे. अजून पुरं झालेलं नाही, एवढाच काय तो उशीर. तेव्हा मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तू हापिसात गेलास, बाबांचं दुकान माझ्या गळ्यात पडलं, आणि मी आपली स्टो आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई. बंदूक उघडली (खरं म्हणजे मी मागचं बूच फिरवलं मात्र, बाकीचं तिनेच उघडलं. स्प्रिंग सुटली ती थेट छताला गेली आणि पंख्याचं एक पातं त्या दिवसापासून पाहुण्यांना वाकून नमस्कार करतं), तर आत काय, चामड्याची वाटी! स्टोच्या पंपात असते तीच, जरा थोराड. मी म्हटलं, हात्तिच्या, ही तर आपल्याच घरातली निघाली. दस्ता लावलेला स्टोचा पंप! हे वाक्य मला एवढं आवडलं की मी ते गिर्‍हाइकांना ऐकवलं, पोस्टमनला ऐकवलं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना ऐकवलं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला एखादं शहाणपणाचं वाक्य सुचलं की हे असं होतं. दहा जणांना सांगून झालं की ती स्वतःच ते खरं धरून चालते.

स्टोचा पंप कोरडा पडला तर काय करतो आपण? तेल सोडतो. मी सोडलं. शिलाई मशीनचं, चांगलं चमचाभर, नळीच्या मागच्या भोकातून. हात आखडता घेणं आपल्या घराण्यात नाही. हे शेजारी खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. मी भिंतीकडे नेम धरला आणि चाप ओढला. आता झालं असं की स्प्रिंग हवा एवढ्या जोरात दाबते की ती हवा तापते, आणि तापल्या हवेत तेल पेट घेतं. हे मला नंतर कळलं. यांना आधी कळलं, डाव्या कानाने. असा बार झाला की गल्लीतली कबुतरं दुपारपर्यंत परत आली नाहीत. नळीतून धूर, माझ्या भुवया अर्ध्या, आणि यांच्या हातात पेपर तसाच धरलेला. शेजारचे तारमास्तर (निवृत्त झाले, पण बातमी पोचवायची सवय सुटलेली नाही) बादली घेऊन धावत आले. आग कुठे दिसेना, बादली परत न्यायची लाज वाटली असावी, त्यांनी ती माझ्यावर ओतली आणि गेले.

शहाणं माणूस इथे थांबलं असतं. मी स्प्रिंग बदलली. मला वाटलं जुनी म्हातारी झाली, हिच्यात आता दम नाही, तेव्हा दुप्पट जाड तारेची घालू. ती आत जाईना. मग बुचावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि वर मी बसले. गेली! इतकी वर्षं डॉक्टर वजन कमी करा म्हणून मागे लागला होता, बरं झालं ऐकलं नाही. पण त्या स्प्रिंगने पहिल्याच दणक्याला दस्त्याचे दोन स्क्रू पाडले, माझ्या चष्म्याची काच घालवली, आणि छर्रा मात्र पहिल्यापेक्षा हळू गेला. भिंतीपर्यंत पोचला, जरा विचार केला, आणि खाली पडला. दोन दिवस मी बंदुकीशी बोलले नाही. तिसर्‍या दिवशी बाबांचीच स्प्रिंग पुसून मुकाट्याने परत घातली.

मधल्या काळात घरात आणखी बंदुका आल्या, ते तुझ्या कानावर आलंच असेल, म्हणून मीच सांगते. सुट्या भागांसाठी एक मोडकी आणली. ती मोडकी नव्हतीच, नुसती गंजलेली होती. तिला सोलायला जीव धजेना, म्हणून तिच्या भागांसाठी दुसरी आणली. असं करत बाबांची धरून सहा झाल्या. सुटा भाग अजून एकही हाती लागलेला नाही. यांना पाचच माहीत आहेत. सहावी मी हलवत असते. (एकदा हे अचानक कपाट आवरायला उठले, तेव्हा मी ती गादीखाली सारली आणि अंगात कणकण आहे म्हणून वर आडवी झाले. बिचार्‍याने कपाळावर पट्ट्या ठेवल्या. दोन तास लोखंडावर झोपले. पाठीला वळ उठला तो डासाचा म्हणून सांगितला.) तू लहानपणी काड्यापेट्यांची चित्रं जमवायचास तेव्हा मी तुला वेडा म्हणायचे. ते शब्द मागे घेते. वेडा तू आहेसच, पण चित्रांमुळे नव्हे.

पण एक सांगते, आणि इथे हसू नकोस. नवी वाटी मीच कापली, दुकानातल्या चांगल्या चामड्याची. दिवसभर तेलात मुरवली, पिळून कोरडी केली, बसवली. परसात वीस पावलांवर शर्टाचं बटण दोर्‍याने टांगलं आणि चाप ओढला. टप्. एवढाच आवाज, डब्याचं झाकण बसल्यासारखा. आणि बटण नव्हतं! नुसता दोरा हलत होता. बाबा मारायचे तेव्हा हाच आवाज यायचा ना रे? मी घरात जाऊन यांच्या सगळ्या जुन्या शर्टांची बटणं काढून आणली. पाचातली चार फुटत होती. (हे हल्ली शर्टाला टाचण्या लावून फिरतात.) आयुष्यात मी पुष्कळ वस्तू दुरुस्त केल्या, पण त्या लोक घेऊन जातात. ही एक राहिली. आणि ती तू सोफ्याच्या वर टांगायला मागतोस.

तेव्हा खराब झालेली नाही आणि मिळणारही नाही. जावयाला घड्याळ दे. वहिनीला नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद.

तुझी धाकटी, पण आता कुणाचं न ऐकणारी,
बहीण

ता.क. यांनी वरचं पत्र वाचलं (सहावीचं पान मी आधीच काढून ठेवलं होतं) आणि बंदूक आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणून लिहिते. नळी थोडी वाकली आहे. गेल्या महिन्यात शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या, त्यांना मी बंदूक कशी चालते ते दाखवत होते. नळी खाली ओढली, आणि ती तशी उघडी असताना, बोलण्याच्या भरात, माझं बोट चापावर गेलं. स्प्रिंग सुटली, नळी फाटकासारखी धाडकन वर आली. छर्रा घातलेला नव्हता, बोटं सगळी जागेवर आहेत (मोजली). पण तेव्हापासून छर्रा वर जातो. शहाण्याने नळी बघितली असती. मी बटण वर टांगलं. मग आणखी वर. आता बटण टांगायला शिडी लागते. खाली भिंतीवर खडूची फुली काढली आहे, नेम फुलीवर धरते आणि लागतं वरचं बटण. तारमास्तर म्हणाले, “वहिनी, बघायचं एकीकडे आणि मारायचं दुसरीकडे, हे फक्त राजकारणात चालतं.” त्यांना म्हटलं, “तुम्ही तुमची बादली सांभाळा.” पण आत जाऊन रडले. हे यांना माहीत नाही, मी त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला होते.

ता.क. दोन. बाबा नळी सरळ करायचे ते तुला आठवतं का? खिडकीकडे धरून आतून बघायचे. चौकटीची सावली नळीत रेघेसारखी पडते म्हणे, आणि रेघ जिथे मोडते तिथे वाक असतो. मलाही शिकवणार होते. पहिल्या दिवशी म्हणाले, आधी नुसती तासभर बघ. मी दहा मिनिटांत उठले आणि चहा टाकायला गेले. तू बसलास. तू त्या खिडकीशी आठवडाभर बसलास, आणि मला वाटायचं, हा मठ्ठ आहे म्हणून हलत नाही. गेला महिनाभर मी रोज नळीतून बघते आहे. मला रेघ दिसत नाही. मला तारमास्तरांचा वाळत घातलेला लेंगा दिसतो. आता जगात ती रेघ बघता येणारा तू एकटा उरलास. तेव्हा वरचं वाचून रविवारचं येणं रद्द करू नकोस. तू ये. जवळचा चष्मा आण. खिडकी पुसून ठेवते, गुडघ्याखाली उशी देईन आणि गुडघ्याची सगळी हकीकत ऐकून घेईन, अगदी पहिल्यापासून.

ता.क. तीन. जावयाचं मी रागात लिहिलं. शेवटी बाबांनी बंदूक तुझ्या हातात दिली होती, माझ्या नव्हे. त्याला द्यायची तर दे, मी आडवी येणार नाही. पण आधी त्याला विचार. तो नुसती टांगणार असेल, तर अशीच वाकडी घेऊन जा, भिंतीला काय कळतंय. पण तो चालवणार असेल, तर मात्र सरळ करून ने, आणि वाटीला तेल कसं द्यायचं ते मी शिकवीन. थेंब. चमचा नव्हे. येतोस की नाही, काय ते बुधवार संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे. कारण नाही कळलं तर गुरुवारी सकाळी मी नळी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळणार आहे आणि हातोडा घेणार आहे.