हिरवी वीज आणि गार बोटं

बाबा,

तुम्ही दूध घेऊन येईपर्यंत माझी बस निघून जाईल, म्हणून हे फ्रिजच्या दारावर चिकटवून जातेय. फ्रिज चालू आहे, तो चालूच राहू द्या. तुमच्या वीजबचतीपायी कालचं दूध नासलं, म्हणून तर आज ही पायपीट!

दुपारी नव्या वीज कंपनीचा माणूस येईल. ‘आमची वीज एकदम हिरवी’ म्हणेल. बिलावर झाडाचं पान छापलं म्हणून वीज हिरवी होत नाही, हे मागच्या कंपनीने आपल्याला चांगलंच शिकवलंय. वीज खरोखर पवनचक्क्यांकडून घेता, की कोळशाचीच घेऊन वर नुसतं प्रमाणपत्र डकवता, एवढं विचारा. सरळ उत्तर मिळेपर्यंत सोडू नका त्याला. तुमच्या तावडीतून आजवर कोण सुटलंय?

आता हीटरचं. मी फाटकाशी दिसले की मगच तुम्ही तो लावता, हे मला कळतं. खोली ऊबदार लागते, पण माझ्या हातातली पिशवी घेताना तुमची बोटं बर्फासारखी असतात. विचारलं की म्हणता, “एकट्या माणसासाठी कशाला वीज जाळायची?”

आईसुद्धा दिवसभर घरात एकटीच असायची. तिच्यासाठी रोज हीटर लावून मगच तुम्ही कामावर निघायचात.

आज मी लावून निघालेय. बंद करू नका. संध्याकाळी पिशवी देताना बोटं तपासणार आहे.

तुमची ठमी