पहिल्या बरणीचा गंज

२३ सप्टेंबर, मंगळवार
आज आलेलं सामान : काचेच्या मोठ्या बरण्या सहा, प्रत्येकी १४० रुपये. (बोईसरच्या बाजारात ११० ला मिळाल्या असत्या. मला कोणी विचारत नाही.) लोखंडाच्या बोटभर पट्ट्या अठरा, कॉलेजच्या, फुकट. नवापूरच्या खाडीतला काळा चिखल एक बादली, तोही फुकट, साखरबाई मासळीवालीने आणला. रिक्षाचे ६० मात्र आम्ही दिले. चिखलाला रिक्षा!

सगळं उत्कर्षाचं. धाकट्या भावजींची मुलगी. पालघरच्या कॉलेजात केमिस्ट्रीत पीएचडी करते, राहते आमच्याकडे. लॅबला रंग द्यायचं काम चाललंय म्हणून प्रयोग आमच्या मागच्या गॅलरीत. चिखलात जंतू असतात, ते लोखंड कुजवतात. झाडपाल्याच्या अर्काने त्यांना आवरायचं, असा विषय. दुसरी ते पाचवी बरणी : तिवर, करंज, कडुनिंब, सीताफळ. सहावी जादा. पहिलीत नुसतं चिखलपाणी, औषध नाही. मी म्हटलं, तिने काय घोडं मारलं? तर म्हणते, "काकू, पहिली गंजून काळी पडलीच पाहिजे. ती गंजली तरच बाकीच्यांचा गुण कळेल."

साठ दिवस झाकण उघडायचं नाही, हात लावायचा नाही. २४ नोव्हेंबरला उघडणार, २८ ला कॉलेजच्या कमिटीपुढे निकाल. निकाल नसेल तर फेलोशिप बंद. आणि भावजींनी मनोरचं स्थळ थांबवून ठेवलंय. मुलाचं हायवेला टायरचं दुकान. पोरीला टायर नको आहेत.

देवापुढे शब्द दिला : बरण्यांना हात लावणार नाही. मी मॅट्रिक आहे, विज्ञानात ६१ मार्क होते. मला सांगावं लागत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
घरात घट बसलेत आणि गॅलरीतून उकडलेल्या अंड्यांचा वास. समोरच्या तेजलच्या सासूने खिडकी आपटून लावली. साखरबाई पाटी उतरवून पाणी प्यायला थांबली तर पदर नाकाला. म्हणे, "काय ओ वहिनी, आमी रोज मासली विकतो, पन आमच्या घरात असा वास नाय. चोरून अंडी उकडता का काय?" माळ घातलेल्या बाईला हे ऐकावं लागलं!

उत्कर्षा आनंदात. वास आला म्हणजे जंतू जोमात. मी झाकणाबाहेरून उदबत्ती फिरवली. हात लावला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
आईचा खोकल्याचा काढा : अडुळसा, ओवा, लवंग, हळद. छातीतला चिकट कफ सुटतो तर लोखंडावरचे जंतू काय चीज आहेत? उत्कर्षाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं काकू, सहावी बरणी तुमची." ही पोर मोठ्यांचा मान ठेवते.

मसाला सकाळच्याच काढ्यातला, दुसऱ्यांदा उकळला. नवा कशाला? शिवाय माझ्या काढ्याने जंतू मरत नाहीत, त्यांना नुसता उपवास घडतो. पापही नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आमच्या कंपनीत पाइप बदलायला लाखो जातात. एक पिंप तिकडं पाठव." ह्यांनी कधी नव्हे ते माझं काही मान्य केलं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
घरातलं सगळं लोखंड घासून, तेल-कुंकू लावून पुजलं. विळी, कात्री, शिवणयंत्र, ह्यांचे पाने-पक्कड, सायकल. आरती झाली आणि लक्षात आलं, गॅलरीत अठरा पट्ट्या चिखलात लोंबकळताहेत. घरातलं लोखंड आजच्या दिवशी पूजेवाचून ठेवायचं? उद्या पोरीचं काही बिनसलं तर बोल कोणाला?

उत्कर्षा कॉलेजात होती. दुपारी झाकणांचं मेण सोडवलं. एकेक पट्टी काढली, पुसली, खोबरेल लावलं, कुंकवाचं बोट, नमस्कार, परत त्याच बरणीत. एकही अदलाबदल नाही. मेण देवघरातल्या मेणबत्तीचं पुन्हा लावलं, आधीपेक्षा सफाईदार.

शब्द मोडला नाही. पट्ट्या सांडशीने धरल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार
मारुतीला तेल घालून वाटीत थोडं उरलं. समईत टाकणार होते, पण एकदा पूजेला लावलेलं मध्येच सोडता येत नाही. अठराही पट्ट्यांना लावलं. पहिल्या बरणीला दोनदा. बिचारीला कोणी औषधही दिलेलं नाही.

हे शेवटचं.

११ ऑक्टोबर, शनिवार
शेवटचं असं मागे लिहिलंय खरं. पण तेल उरलं, त्याला मी काय करू?

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी
वास गेला! सहाच्या सहा बरण्या गप्प. माझ्या काढ्याचा गुण. बाकीच्या पाचांना शेजाराने लागला असणार, झाकणं अधूनमधून उघडी असतातच.

उत्कर्षाच्या कपाळाला आठी. "काकू, वास का गेला असेल?" मी म्हटलं, तू उगाच काळजी करतेस. तेल चालूच आहे, ते सांगितलं नाही. पूजेचं बोलून दाखवू नये.

८ नोव्हेंबर, शनिवार
भजनी मंडळात विषय निघाला. म्हणजे मी काढला. वत्सलाताई म्हणाल्या, तुमचं नाव छापून येणार का? मी म्हटलं, यायला हवं. सौ. सोजराबाई रामकिसन कातकडे, एवढं सगळं, आद्याक्षरं नकोत. भावनाने विचारलं, काढा विकणार का? वाण्याकडच्या रिकाम्या बाटल्या सांगून ठेवल्यात.

साखरबाई दारातून म्हणाली, "वहिनी, पोरीचा निकाल लागू दे आधी. मंग तुमचा हार घाला." शिक्षण नसलं की माणूस असं बोलतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ९. निळी पैठणी काढली. फोटो काढतील.

दुपारी ३. बरण्या उघडल्या. सहावीतल्या पट्ट्या लखलखीत! मी टाळ्या वाजवल्या. पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, सगळ्या लखलखीत. उत्कर्षाला हसू आवरेना. मग पहिली उघडली. तीही लखलखीत.

पोरीचं हसूच गेलं. छोट्या तराजूत एकेक पट्टी तोलली. एकही कणभर हलकी झालेली नाही. "पहिली गंजायला हवी होती, काकू. हिच्यात औषधच नव्हतं." मग पट्टीवर बोट फिरवून बोटाचा वास घेतला. "हे खोबरेल आहे?"

मी म्हटलं, अर्थात. खंडेनवमीला लावलं. आणि दर शनिवारी.

ती फरशीवर बसली. म्हणाली, तेल लावलं की लोखंडाला पाणी लागतच नाही, आणि झाकण उघडलं की हवेने ते जंतू मरतात. मग औषध कोणतं चांगलं, हे कोणाला कळणार? मी म्हटलं, बघ, म्हणजे उपाय तर सापडलाच ना! ती रडायला लागली. हे आतून म्हणाले, "सोजर, गप बस." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असं पहिल्यांदा म्हणाले.

पैठणी घडी घालून ठेवली. फोटो झाला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
कमिटीपुढे पोरीने सगळं खरं सांगितलं. एक सर खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसून आले म्हणे. पण खोटे आकडे न दाखवल्याबद्दल मुदत मिळाली, जानेवारीअखेरपर्यंत. ही शेवटची. लॅबचा रंग अजून वाळायचाय, म्हणून दोन अटी : बरण्या दुसऱ्या घरी ठेवायच्या, आणि झालेलं लेखी द्यायचं. तिने अहवालात लिहिलंय, "घरातील ज्येष्ठ सदस्याने तेल व कुंकू लावल्याने प्रयोग बाद."

नाव छापून आलं म्हणायचं तर आलं. पण 'ज्येष्ठ सदस्य' कोण, हे लोकांना कसं कळणार?

३० नोव्हेंबर, रविवार
उत्कर्षा सामान घेऊन पालघरला हॉस्टेलवर गेली. अभ्यासाला बरं पडतं म्हणाली. बरण्या नवापूरला, साखरबाईच्या पडवीत. माझ्या घरून मासळीवालीच्या घरी!

१३ डिसेंबर, शनिवार
सहज नवापूरला गेले. साखरबाई दारातच आडवी. "लांबून बगा वहिनी. हात मागं." पिशवीत तेलाची बाटली होती, पण ती घरासाठी. साखरबाईने पिशवी उघडून पाहिली आणि मी निघेपर्यंत बाटली आपल्याकडे ठेवून घेतली. एवढ्या लांबून बरणीचा रंग कळला नाही.

मनोरच्या मंडळींचा भावजींना फोन येऊन गेला.

२० डिसेंबर, शनिवार
आज निर्जळी उपवास. देवाला आयुष्यात पहिल्यांदा गंज मागितला. पहिल्या बरणीलाच, बाकीच्यांना जमेल तसा.

फोन केला की उत्कर्षा नुसतं "हं" म्हणते. पत्रात "हं" लिहून भागत नाही, म्हणून जोडकार्ड टाकलं. नक्कल :

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल. गॅलरी धुतली. तुझी उशी उन्हात घातली होती, पुन्हा जागेवर ठेवली आहे. तेल मी आता फक्त मारुतीला घालते, उरलं तर केसांना. भावजींना मी सांगितलंय की जानेवारी संपेपर्यंत मनोरचं नाव काढायचं नाही. ते माझ्यावर चिडलेत, असू दे. काढ्याचं नाव निबंधात नाही घातलंस तरी चालेल. घातलंस तर लवंग दोनच, हे लिही.

पहिली बरणी काळी पडली का गं? अजून चकचकीत असली तरी खरंच लिही, मी सोमवारचाही उपवास धरीन. जोडकार्डाचा दुसरा भाग कोरा आहे, पत्ता मीच घातलाय. उलट टपाली कळव.